जसद, जनुके आणि आपली जबाबदारी

गेल्या खरिपात माझ्या बाह्यरुग्ण विभागात एक वयस्क शेतकरी आले. दीर्घकालीन प्रमेहाचे रुग्ण. त्यांच्या हाती जसद भस्माची पुडी दिली आणि घटकाचे नाव सांगितले, तेव्हा त्यांनी पुडी उलटसुलट करून विचारले, "डॉक्टर सायब, आमी सोयाबीनले झिंक टाकतो, तेच हाय का हे? मंग वावराले एकरी मोजून देतो आमी, मले कितीक देता तुमी?"

प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देताना मी अडखळलो. मानोऱ्याच्या आसपासच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत जसद असूनही पिकास उपलब्ध होत नाही, म्हणून कृषी सेवा केंद्रातून झिंक सल्फेटची पिशवी आणणारा शेतकरी एकरी मात्रा जाणतो. त्याला जसद देणारा वैद्य मात्र भस्माची मात्रा रत्तीत जाणतो. त्या रत्तीत धातू किती हे जाणत नाही. प्रस्तुत लेख या अडखळण्यातून लिहिला आहे.

जाहिरातीतील डीएनए

अलीकडे काही माहितीपत्रकांतून "आमची भस्मे थेट डीएनएपर्यंत पोहोचतात" अशी वाक्ये दिसू लागली आहेत. आपले काही वैद्यबंधूही व्याख्यानांतून ती अभिमानाने उद्धृत करतात. माझे मत असे की, या वाक्यात एक सत्य दडलेले आहे. पण ते मिरवण्याचे नसून सावध होण्याचे आहे. धातूंचे आयन डीएनएच्या दाराशी काम करतात हे आधुनिक रसायनशास्त्राने निःसंशय दाखविले आहे. म्हणूनच त्या दाराशी आपण कोणता धातू पाठवतो, किती पाठवतो आणि त्याच्यासोबत दुसरा कोणी शिरतो का, याचे उत्तरदायित्व आपल्यावर येते.

विषय थोडक्यात समजून घेऊ. डीएनएची साखळी ऋणभारित असते. पेशीतील सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे धनभारित आयन तिच्याभोवती आवरणासारखे असतात. एखादे प्रथिन डीएनएला चिकटते तेव्हा त्यातील काही आयन बाजूस सरतात. म्हणून क्षारांचे प्रमाण बदलले की प्रथिनाची पकडही बदलते. हा झाला सर्वसाधारण प्रभाव. परंतु काही धातू याहून आत, प्रथिनाच्या घडणीतच बसलेले असतात. त्यात अग्रस्थान जसदाचे आहे.

१९८५ साली केंब्रिज येथे एरन क्लुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकी बेडकाच्या बीजांडातील एका प्रथिनाचा अभ्यास करताना त्यात नऊ वेळा पुनरावृत्त होणारी एक रचना ओळखली. सुमारे तीस अमिनो आम्लांचा एक तुकडा. त्यातील दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जसदाचा एक आयन धरून ठेवतात आणि त्या आधारावर तो तुकडा बोटासारखा घडी घेतो. हे बोट डीएनएच्या खोबणीत बसते आणि साधारण तीन-तीन अक्षरे वाचते. यालाच पुढे 'झिंक फिंगर' हे नाव रूढ झाले. मानवी शरीरात अशा बोटांची शेकडो प्रथिने आहेत. कोणते जनुक केव्हा जागे व्हावे आणि केव्हा निजावे, हे त्यांतील अनेक ठरवतात. ड जीवनसत्त्वाचे आणि इस्ट्रोजेनचे ग्राहक याच पद्धतीने जसदाच्या आधाराने डीएनएला धरतात. कर्करोगापासून रक्षण करणारे पी-५३ हे प्रथिनदेखील जसद गमावले की डीएनएवरील पकड गमावते.

बैलगाडीच्या आखाच्या टोकाशी एक लहानशी खीळ असते. गाडीच्या वजनात ती नगण्य. पण ती निघाली की चाक निखळते. जसद ही या प्रथिनांतील खीळ आहे. प्रौढ शरीरात जसद अवघे दोन ते तीन ग्रॅम असते. परंतु त्याचे कार्य वजनावरून मोजता येत नाही.

खिळीच्या जागी दुसरा खिळा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. खिळीच्या भोकात दुसरा खिळाही शिरू शकतो. शिशाला सिस्टीनमधील गंधकाची विलक्षण ओढ आहे. रक्तनिर्मितीच्या जनुकांना चालना देणाऱ्या 'गाटा' कुळातील प्रथिनांत शिसे जसदाची जागा घेते आणि ही प्रथिने मग डीएनएला नीट धरू शकत नाहीत, असे परीक्षानळीतील प्रयोगांत दिसून आले आहे. कारण असे की, जसद चार हात पसरून चारही बाजूंनी प्रथिन बांधते, तर शिसे तिघांनाच धरण्यास अधिक अनुकूल असते. त्यामुळे बोटाचा आकारच बिघडतो. रक्तातील हीम तयार करण्याच्या वाटेवरील एक विकरही जसदावर अवलंबून आहे. शिसे तेथूनही जसदाला हुसकावते. शिशाच्या विषबाधेत पांडुता का येते, याचे सुपरिचित कारण हेच.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. घटसर्पाच्या जिवाणूत एक प्रथिन असते. त्याला लोह मिळाले की ते डीएनएवर बसून विषाचे जनुक बंद ठेवते. रुग्णाच्या घशात लोहाची वानवा झाली की ते डीएनए सोडते आणि विष तयार होऊ लागते. काही जिवाणूंतील दुसरे एक प्रथिन पाऱ्याचा अत्यल्प अंश ओळखून डीएनएला पीळ देते आणि पारदनाशक जनुके उघडते. एवढ्या क्षुद्र जीवालाही धातू कोणता आणि किती हे ओळखावे लागते; मग वैद्याला त्यातून सूट कशी असेल?

मनःशिलेचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्तकर्करोगात दोन प्रथिने जोडली जाऊन एक विकृत प्रथिन तयार होते आणि ते डीएनएवर ठाण मांडून पेशींची वाढ अपक्व अवस्थेतच रोखते. चीनमधील हार्बिन येथील वैद्यांनी १९७० च्या दशकात सोमलाचा वापर या रोगात केला. २०१० साली दिसून आले की आर्सेनिक या विकृत प्रथिनाच्या जसद-बोटांनाच थेट चिकटते आणि त्यानंतर पेशी ते प्रथिन नष्ट करते. पुढे मनःशिलायुक्त चिनी औषध मुखावाटे देऊन, शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या आर्सेनिकशी तुलना करणारी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली व ते तितकेच परिणामकारक ठरले. जे आर्सेनिक इतरत्र डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची जसद-बोटे निकामी करते, तेच येथे प्राण वाचवते. फरक कशाने पडला? निश्चित निदान, मोजलेली मात्रा, रुग्णालयातील देखरेख आणि हृदयाच्या आलेखाची नियमित तपासणी यांनी. विषही युक्तीने औषध होते, हे आपणच शिकवत आलो. त्या 'युक्ती'चे मोजमाप मात्र दुसऱ्यांनी केले.

एक कबुली

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. व्यवसायात बचत म्हणून मी एका विक्रेत्याकडून जसद भस्म सुटे, किलोच्या भावाने घेत असे. पिशवीवर ना गट क्रमांक, ना निर्मितीचा दिनांक. रंग पिवळसर, स्पर्श मृदू. बोटांच्या रेषांत भरले, पाण्यावर तरंगले. माझे समाधान झाले. माझ्या एका रुग्णाला ते मी चार महिने दिले. मध्यंतरी त्यांस पोटशूळ आणि मलावरोध सुरू झाला. मी वातानुलोमन दिले. मग पांडुता आली. मी पांडूची चिकित्सा जोडली आणि जसद चालूच ठेवले. अखेर नातेवाइकांनी त्यांना जिल्ह्याबाहेरील रुग्णालयात नेले. तेथील एका तरुण डॉक्टरने हिरड्यांवरील निळसर रेषा पाहून रक्तातील शिसे तपासून घेतले. ते फार वाढलेले होते. माझ्याकडील उरलेली पुडी मी स्वतः तपासणीस पाठवली; तिच्यातही शिसे निघाले.

रुग्ण बरे झाले. त्यांनी मला दोष दिला नाही. अजूनही ते माझ्याकडेच येतात. याचीच मला अधिक टोचणी लागते. विक्रेता मला दोषी वाटलाच. परंतु लेबल न पाहता घेणारा हात माझा होता आणि लक्षणे शिशाची असताना ती ओळखू न शकलेली बुद्धीही माझीच होती.

शास्त्रीय परीक्षा काय सांगते, काय सांगत नाही

येथे काही ज्येष्ठ म्हणतील की, शास्त्रोक्त शोधन-मारण केलेल्या भस्माने अपाय होतच नाही. दोष खोट्या निर्मात्यांचा. या म्हणण्यातील पहिला भाग मी आदरपूर्वक तपासू इच्छितो. रेखापूर्णता, वारितरत्व, निश्चंद्रत्व, अपुनर्भव, निरुत्थ या परीक्षा मी महाविद्यालयात शिकलो आणि आजही करतो. त्या सांगतात की धातू पुरेसा सूक्ष्म झाला आहे आणि आपल्या धातुरूपात परतत नाही. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २००९ मध्ये जसद भस्मात झिंक ऑक्साइडचे नॅनो आकाराचे कण असल्याचे दाखवले. आपल्या पूर्वसूरींच्या अग्निसंस्काराचे सामर्थ्य त्यातून दिसते. परंतु या परीक्षा 'धातू मृत झाला का' या प्रश्नाचे उत्तर देतात. 'कोणकोणते धातू मृत झाले' याचे नाही. शिसेही भस्म होते, तेही रेषांत भरते आणि तेही तरंगते.

जसद आणि शिसे निसर्गात बहुधा एकाच खाणीत सापडतात. कॅडमियमही त्यांच्या सोबतीला असते. बाजारातील ९८.५ टक्के शुद्धतेच्या जसदात शिशाचे प्रमाण एक टक्क्याहून अधिकही असू शकते. दुधात एकवीस वेळा ढाळून ते निघून जाईल असे मानण्यास आधार नाही. जसद सुमारे ४२० अंशांस वितळते, शिसे त्याआधी ३२७ अंशांस. दोन्ही एकाच कढईत द्रव होतात आणि एकत्रच दुधात पडतात. शिशाचा उत्कलनबिंदू सुमारे १७५० अंश असल्याने पुटाच्या अग्नीत ते सगळे उडून जाईल, हीही आशा व्यर्थ होय.

आता गणित करू. रोज २५० मिलिग्रॅम भस्म दिले, त्यात जसद सुमारे २०० मिलिग्रॅम, आणि मूळ जसदात शिसे एक टक्का असले तर रुग्णाच्या पोटात रोज दोन मिलिग्रॅम शिसे जाते. भस्मातील हे प्रमाण दशलक्षांशी ८,००० भाग इतके होते. वनस्पतिजन्य औषधांसाठी आपल्या देशातील मर्यादा दशलक्षांशी १० भाग आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी आहारातील शिशाची जी संदर्भपातळी धरली आहे ती दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम, त्याच्या सव्वादोनशे पट! ९९.९९५ टक्के शुद्धतेच्या जसदात मात्र शिसे फार तर दशलक्षांशी ३० भाग असते, म्हणजे त्याच मात्रेतून सहा मायक्रोग्रॅम. हा सारा फरक कच्च्या मालाच्या खरेदीत पडतो, पुटात नव्हे. ग्राह्य-अग्राह्य लक्षणे आधी पाहावीत, मग शोधन करावे, हा क्रम आपल्याच शास्त्राने घालून दिला आहे. ग्राह्यतेची परीक्षा आज प्रयोगशाळेत करणे म्हणजे परंपरा सोडणे नव्हे. ती पुढे नेणे होय.

शुद्ध जसदाचीही मात्रा

समजा, भस्म निर्मळ आहे. तरीही त्या शेतकऱ्याचा प्रश्न उरतोच. झिंक ऑक्साइडमध्ये वजनाने ८० टक्के जसद असते. म्हणजे एका रत्तीत, सुमारे १२५ मिलिग्रॅम भस्मात, शंभर मिलिग्रॅम जसद. एक रत्ती दोन वेळा दिल्यास दोनशे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाची दैनंदिन गरज १७ मिलिग्रॅम, स्त्रीची १३.२ आणि सहन होण्याची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. अतिसारात बालकांना दिली जाणारी मात्रा, २००४ च्या जागतिक शिफारशीनुसार, दिवसाला २० मिलिग्रॅम आणि तीही दहा ते चौदा दिवसच.

सर्व भस्म विरघळत नाही, ज्वारी-डाळीतील फायटेट काही भाग बांधून ठेवते, हे मान्य. पण जे विरघळते त्याचा परिणाम पुन्हा डीएनएपाशीच घडतो. आतड्याच्या पेशीत जसद वाढले की सहा जसद-बोटांचे एक प्रथिन डीएनएवरील ठरावीक खुणेला चिकटते आणि मेटॅलोथायोनिन हे धातुबंधक प्रथिन तयार करण्याचा आदेश देते. १९५७ साली घोड्याच्या वृक्कात प्रथम सापडलेले हे प्रथिन जसदापेक्षा ताम्राला अधिक घट्ट धरते. आहारातील ताम्र त्यात अडकते आणि आतड्याच्या पेशी झडतात तेव्हा मलावाटे निघून जाते. विल्सन रोगात साठलेले ताम्र रोखण्यासाठी आधुनिक वैद्यक जसद याच हेतूने देते; प्रौढांना ५० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, म्हणजे आपल्या वरील मात्रेहून कमीच.

ज्याच्या शरीरात ताम्र जास्त नाही त्याचे काय? मानवातील जसद-न्यूनता जगापुढे आणणारे भारतीय वंशाचे डॉ. आनंद प्रसाद यांनीच १९७८ मध्ये सहकाऱ्यांसह नोंदवले की मोठ्या मात्रेत जसद दिल्याने ताम्र-न्यूनता उद्भवते. त्यांचे ते रुग्ण सिकलसेलचे होते. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण किती आहेत हे येथील वैद्यांस सांगणे नलगे. ताम्र घटले की पांडुता येते, श्वेतकण घटतात, पायांना बधिरता येते. पांडूसाठी जसद दीर्घकाळ देत राहिलो तर आपणच पांडू निर्माण करू, ही शक्यता प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. लोह दिले, रक्त वाढले नाही, तर आधी जसद किती दिवस चालू आहे हे विचारावे.

आता काय करावे

२००४ च्या डिसेंबरात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल आला, तेव्हा आपल्यातील बहुतेकांनी त्यास कारस्थान म्हटले. शासनाने २००६ च्या आरंभापासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांना जडधातूंची तपासणी अनिवार्य केली. परदेशी रुग्णासाठी जी काळजी, ती मानोऱ्याच्या रुग्णासाठी नको काय? यास्तव संघटनेपुढे व वाचकांपुढे काही नम्र सूचना मांडतो.

औषधनिर्मात्यांनी जसद खरेदी करताना शुद्धतेचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि तयार भस्माच्या प्रत्येक गटाची शिसे व कॅडमियम यांसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करून निष्कर्ष मागणाऱ्या वैद्यास द्यावा. लेबलवर भस्माच्या वजनासोबत प्रतिमात्रा जसद किती मिलिग्रॅम हेही छापावे. त्याला कोणताही नियम आड येत नाही.

औषध विक्रेत्यांनी सुटे, विनालेबल भस्म ठेवू नये. ते स्वस्त पडते खरे. त्या स्वस्ताईची किंमत कोण भरतो हे मी पाहिले आहे.

वैद्यांनी जसदाचा कालावधी केसपत्रावर लिहावा, दीर्घ चिकित्सेत रक्तकणांची तपासणी करावी, आणि शूळ-मलावरोध-पांडुता हे त्रिकूट भस्म घेणाऱ्या रुग्णात दिसताच औषध थांबवून रक्तातील शिसे पाहावे. अपाय आढळल्यास नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाच्या समन्वयाने चालणाऱ्या औषध-सतर्कता व्यवस्थेला कळवावे. कळवण्यात अप्रतिष्ठा नाही, लपवण्यात आहे.

तपासणी महाग, हा आक्षेप मी जाणतो. ग्रामीण भागातील एकट्या वैद्यास ती परवडत नाही. परंतु तालुक्यातील आठ-दहा जणांनी एकाच निर्मात्याचा एकच गट घेतला तर एका तपासणीचा खर्च वाटून घेता येतो. आमच्या परिसरात आम्ही काही जण आता असे करतो. संघटनेने जिल्हापातळीवर ही सोय केली तर सर्वांचा भार हलका होईल.

भस्मे डीएनएपर्यंत पोहोचतात असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच निवेदन की, जेथे पोहोचल्याचा अभिमान धरावा तेथे पाऊल जपून टाकावे. जसदाच्या एका आयनाने प्रथिनाला आकार येतो, प्रथिन डीएनएला धरते आणि जनुक बोलू लागते. त्याच आसनावर शिसे बसले तर तेच जनुक मुके होते. इतका सूक्ष्म व्यवहार आपल्या खलातून, पुटातून आणि पुडीतून जातो.

त्या शेतकऱ्यास मी दुसऱ्या भेटीत उत्तर दिले. झिंक तेच, तुमच्या पुडीत एवढे मिलिग्रॅम, एवढे आठवडे, आणि मग थांबायचे. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हां, मंग बराबर. वावरातही जास्त टाकलं त पीक जयते." इत्यलम्.

— एक व्यवसायी वैद्य (बी.ए.एम.एस.), मानोरा, जि. वाशिम